शेठ वालचंद हिराचंद : जलमार्गाकडून वायुमार्गाकडे

नाशिकपासून सुमारें २० किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, ओझर येथें विमानांचा कारखाना आहे, हें आपल्या शाळेंतील लहानांत लहान मुलासही ठाऊक असतें. डोक्यावरून गर्जत जाणारें विमान पाहून ज्यानें खेळतां खेळतां मान वर केली नाहीं असा नाशिककर मुलगा विरळाच. परंतु विमानें आपल्या देशांतच बांधावीं ही कल्पना ज्यांनीं मनावर घेऊन तडीस नेली ते गृहस्थ सोलापूरचे होते. त्यांच्या हयातींतच तो उद्योग त्यांच्या हातून गेला. आणि पुढें त्यांच्या छत्राखालीं आलेल्या एका लहानशा विमानवाहतूक कंपनीचीही तीच गत झाली, ही हकीकत मात्र फारशा मुलांच्या वाचनांत येत नाहीं. मालेगांव तालुक्यांतील रावळगांवच्या गोळ्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्या गांवचा साखरेचा कारखाना उभारणारे आणि हे विमानवाले गृहस्थ एकच, हें सांगितलें म्हणजे पुष्कळांस नवल वाटतें.

वालचंद हिराचंद दोशी ह्यांचा जन्म सोलापुरास २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं झाला. घराणें दिगंबर जैनांचें, मूळचें गुजरातेंतील, पण महाराष्ट्रांत स्थायिक होऊन मराठीशीं एकरूप झालेलें. वडील हिराचंद नेमचंद हे सावकारी व कापसाचा व्यापार करीत. समाजसुधारणेकडेही त्यांचा ओढा असे. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई निवर्तली, आणि काकू उमाबाई ह्यांनीं त्याचें आईच्या मायेनें संगोपन केलें. सोलापुरास मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण झाल्यावर वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत राहिले. पण पदवी त्यांच्या हातीं लागली नाहीं. घरच्या अडचणींनीं त्यांस परत बोलाविलें. वडिलोपार्जित पेढीवर बसून व्याज मोजणें त्यांच्या प्रकृतीस मानवणारें नव्हतें. धान्याच्या व्यापारांत त्यांनीं हात घालून पाहिला व पोळून घेतला.

त्यांच्या आयुष्यास खरी दिशा लागली ती लक्ष्मणराव बळवंत फाटक ह्यांच्या ओळखीनें. फाटक हे पूर्वीं रेल्वेंत कारकून होते. रेल्वेच्या कामाची बारीकसारीक माहिती त्यांच्यापाशीं होती, भांडवल नव्हतें. वालचंदांपाशीं भांडवल उभें करण्याची ऐपत होती, माहिती नव्हती. दोघांनीं मिळून बार्शी लाइट रेल्वेचा येडशीकडचा एक लहानसा तुकडा बांधण्याचा मक्ता घेतला. सात मैलांचें तें काम. पण माती-खडीचे ढीग, मजुरांची जमवाजमव आणि साहेबाच्या कचेरींतील खेटे ह्यांची जी शाळा तेथें झाली ती डेक्कन कॉलेजांत होण्यासारखी नव्हती. त्यानंतर मक्त्यांमागून मक्ते आले. पुढें टाटांच्या सहकार्यानें त्यांनीं मोठी बांधकाम कंपनी चालविली. बोरघाटांतील रेल्वेचे बोगदे हें त्यांच्या नांवाशीं निगडित असलेलें प्रसिद्ध काम. १९२६ सालीं स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीही त्यांचीच.

एवढ्यावर जरी ते थांबले असते तरी श्रीमंत होऊन सुखानें निजले असते. पण १९१९ सालीं त्यांनीं जहाज विकत घेतलें.

ही गोष्ट सांगतात ती अशी. रेल्वेच्या एका प्रवासांत वालचंदांस कळलें कीं, मुंबईच्या बंदरांत एक मोठें जहाज विक्रीस उभें आहे. गाडींतून उतरल्यावर घरीं न जातां ते तडक गोदीकडे गेले. तें जहाज ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे ह्यांचें होतें. पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिकांसाठीं तरंगतें रुग्णालय म्हणून महाराजांनीं तें घेतलें होतें व त्याचें नांव ‘लॉयल्टी’ असें ठेविलें होतें. वस्तुतः तें नवें नव्हतें. १८९० च्या सुमारास बांधलेलें हें जहाज पूर्वीं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ह्या नांवानें पॅसिफिक महासागरांत फेऱ्या करीत असे. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आदि मुंबईच्या धनिकांस बरोबर घेऊन वालचंदांनीं तें खरेदी केलें, आणि २७ मार्च १९१९ रोजीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. मूळ मालकाचें नांव कंपनीस मिळालें. ५ एप्रिल १९१९ रोजीं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघालें, आणि त्यावर स्वतः वालचंदही होते. हा दिवस आजही भारतांत राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या किनाऱ्यावरील वाहतूक त्या काळीं ब्रिटिश इंडिया ह्या बलाढ्य इंग्रज कंपनीच्या मुठींत होती. लॉर्ड इंचकेप हे तिचे सूत्रधार. १९०६ सालीं तुतिकोरिन येथें चिदंबरम् पिल्ले ह्यांनीं स्वदेशी जहाज कंपनी काढली होती; तिची वाताहत लोकांच्या स्मरणांत ताजी होती. इंग्रज कंपनीची रीत ठरलेली असे. नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला कीं त्याच्या मार्गावर भाडें इतकें उतरावयाचें कीं त्यानें एक तर बुडावें नाहीं तर शरण यावें. थैली मोठी असेल त्यास तोटा सोसवतो. लहानास सोसवत नाहीं. सिंदियावरही हाच प्रयोग झाला. ‘लॉयल्टी’ म्हातारें व खर्चिक निघालें, आणि १९२३ सालीं तें मोडीत काढावें लागलें. त्याच वर्षीं सिंदियास इंचकेप ह्यांच्याशीं करार करावा लागला. दहा वर्षेंपर्यंत किनाऱ्याबाहेर जावयाचें नाहीं व ठराविक टनांहून अधिक जहाजें बाळगावयाचीं नाहींत, अशा त्याच्या अटी होत्या. वालचंदांस हा करार कांट्यासारखा सलत असे. तथापि करार केल्यामुळेंच कंपनी जिवंत राहिली, हें तटस्थपणें पाहणारास कबूल करावें लागेल. अभिमानानें बुडालेल्या कंपनीपेक्षां दबून तरलेली कंपनी बरी, हा हिशेब त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला; आणि पुढील तीस वर्षांचा इतिहास पाहतां तो चुकला असें म्हणवत नाहीं.

१९२९ सालीं नरोत्तम मोरारजी अपघातांत वारले आणि कंपनीचें अध्यक्षपद वालचंदांकडे आलें. तें त्यांनीं १९५० पर्यंत सांभाळलें. ह्या काळांतील त्यांचें एक धोरण आपल्या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. लहान कंपन्या दिसल्या कीं त्यांस भाडेयुद्धानें चिरडण्याऐवजीं त्यांचे भाग विकत घेऊन त्यांस आपल्या पंखाखालीं घ्यावयाचें. कोंकणच्या लोकांस रत्नागिरी, मालवण, वेंगुर्लें येथें नेणारी बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी १९३९ सालीं अशीच सिंदियाची पोटकंपनी झाली. गणपतीस गांवीं जाणाऱ्या चाकरमान्यांस ह्या घडामोडीची दादही लागली नसेल. त्यांची आगबोट होती तीच राहिली.

पोटकंपनी म्हणजे काय, हें मुलांनीं येथेंच समजून घ्यावें. मोठी कंपनी लहान कंपनीचे सर्व किंवा बहुतेक भाग घेते व तिच्या मंडळावर आपलीं माणसें नेमते. परंतु लहान कंपनीचें नांव, तिचे परवाने, तिचे हिशेब हीं वेगळींच ठेविते. असें कां? लोकांस जुन्या नांवाची संवय झालेली असते, हें एक. लहान मार्गावरचा खर्च मोठ्या मार्गाच्या मापानें करूं गेल्यास तो परवडत नाहीं, हें दुसरें. आणि लहान कंपनी बुडालीच तर नुकसान तिच्या भांडवलापुरतें राहतें. मोठ्या घराच्या भिंतीस तडा जात नाहीं. उलट लहानीस मोठीचे दलाल, कचेऱ्या व बाजारांतील पत फुकट वापरावयास मिळते. नाशिककरांनीं असें नातें अलीकडेही पाहिलें आहे. २०१९ सालीं ओझरहून हैदराबादेस विमान सुरू झालें तें अलायन्स एअर कंपनीचें होतें, आणि ती त्या वेळीं एअर इंडियाची पोटकंपनी होती. मोठ्या विमानांस ज्या गांवीं पुरेसे उतारू मिळत नाहींत तेथें लहान विमानें नेणें, हेंच तिचें काम.

आतां रावळगांवाकडे वळून मग आकाशाकडे जाऊं. १९२३ सालीं वालचंदांनीं मालेगांव तालुक्यांत सुमारें १५०० एकर खडकाळ जमीन घेतली. शेजारपाजारचे शेतकरी त्या खरेदीस हंसले असल्यास दोष देतां येणार नाहीं. दगड फोडून, चर खणून ती जमीन उंसाखालीं आणली गेली आणि १९३३ सालीं रावळगांव शुगर फार्म ही कंपनी निघाली. पुणें जिल्ह्यांत इंदापूर तालुक्यांत कळंब येथें असाच दुसरा कारखाना उभा राहिला व त्याभोवतींच्या वस्तीस वालचंदनगर हें नांव पडलें.

विमानांचा योग १९३९ च्या अखेरीस आला. मोटारींचा कारखाना काढण्याच्या खटपटींत वालचंद अमेरिकेस गेले होते. परततांना पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानांत त्यांची विल्यम पॉली ह्या अमेरिकन गृहस्थाशीं गांठ पडली. पॉली हे चीनमध्यें विमानांचा कारखाना चालवीत. चीनमध्यें होतें तें हिंदुस्थानांत कां होऊं नये, हा प्रश्न वालचंदांच्या मनांत उभा राहिला, आणि प्रश्न मनांत आला कीं त्यामागें लागावयाचें हा त्यांचा स्वभाव. महायुद्ध सुरू झालें होतें. तरीही सरकारची संमति मिळविण्यांत महिनेच्या महिने गेले. शेवटीं म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल ह्यांनीं बंगळूर येथें जागा व संस्थानचें भांडवल देऊं केलें. २३ डिसेंबर १९४० रोजीं हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदविली गेली, आणि १९४१ सालीं तेथें जुळविलेलें हार्लो जातीचें शिक्षणविमान आकाशांत उडालें.

पण जपानी सैन्य ब्रह्मदेशांत शिरलें आणि सरकारचें धोरण पालटलें. इतका नाजूक कारखाना खासगी हातीं नसावा असें ठरून १९४२ सालीं वालचंदांचे भाग सरकारनें मोबदला देऊन घेतले. युद्धकाळीं तेथें मुख्यतः दुरुस्तीचेंच काम चाललें. नवीं विमानें बांधण्याचा मूळ हेतु मागें पडला. पुढें स्वतंत्र भारतांत १ ऑक्टोबर १९६४ रोजीं ह्याच कंपनीचें, मिग विमानांसाठीं काढलेल्या दुसऱ्या एका सरकारी कंपनीशीं एकीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. ओझरचा कारखाना तिचाच. तेव्हां ओझरचें घराणें मागें शोधीत गेल्यास तें बंगळुरावरून ह्या सोलापूरच्या गृहस्थापर्यंत पोहोंचतें.

विशाखापट्टणच्या जहाजबांधणीच्या कारखान्याची कथाही बरीचशी अशीच. २१ जून १९४१ रोजीं बाबू राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें त्याची कोनशिला बसली. १४ मार्च १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं ‘जलउषा’ हें तेथें बांधलेलें जहाज समुद्रांत सोडलें. १९५२ सालीं हा कारखानाही सरकारी कंपनीकडे गेला. कुर्ल्याचा प्रीमियर मोटारकारखाना, १९४४ सालीं काढलेला, तेवढा खासगी राहिला.

ह्या सर्व मोठ्या उद्योगांच्या गर्दींत एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही विमानवाहतूक कंपनी अगदींच लहान दिसते. चरित्रकारही तिला चार ओळींत आटोपतात. मला मात्र वालचंदांचा विचार तिच्यांतच स्पष्ट दिसतो, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

ती कंपनी वालचंदांनीं स्थापिली नव्हती. पुरुषोत्तम मेघजी कबाली हे तिचे जनक. वैमानिकाचा व्यावसायिक परवाना मिळविणाऱ्या आरंभींच्या थोड्या हिंदी तरुणांपैकीं ते एक. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराची-मुंबई टपालाचें विमान सुरू केलें होतें. त्या मार्गास सरकारी टपालाचा आधार होता. कबालींनीं १९३७ च्या सुमारास जुहूच्या विमानतळावरून निराळी दिशा धरली: भावनगर, राजकोट, जामनगर, पोरबंदर. नकाशा उघडून पाहिल्यास ह्या निवडींतील शहाणपण कळेल. मुंबई आणि काठेवाड ह्यांच्या मध्यें खंबायतचें आखात आहे. आगगाडीनें जावयाचें तर अहमदाबाद-विरमगांवावरून सारें आखात वळसून जावें लागे. विमान पाण्यावरून सरळ जातें. शिवाय मुंबईच्या व्यापारपेठेंत काठेवाडी मंडळी भरपूर, म्हणजे घाई असलेले व पैसे देऊं शकणारे उतारू तयारच. अंतर लहान, पण वेळेची बचत मोठी, असा मार्ग प्रांतिक विमानसेवेस हवा असतो. पुणें व कोल्हापूर ह्या बाजूसही ह्या कंपनीनें विमानें नेलीं.

तरी हिशेब जुळेना. लहान विमानांत मोजकींच माणसें बसत. यंत्रज्ञ, पेट्रोल व विमा ह्यांचा खर्च मात्र उतारूंच्या संख्येप्रमाणें कमी होत नाहीं. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलानें भरे. टपालाचा खात्रीचा पैसा नव्हता. त्यांतच युद्ध आलें आणि नियमित फेऱ्या थांबल्या. १९४३ सालीं सिंदियानें ही कंपनी विकत घेतली, तेव्हां सिंदियाच्या हातीं काय आलें? थोडा अनुभव, एक नांव आणि उद्यां पुन्हां उडण्याची आशा.

ज्या वर्षीं आपलीं जहाजें शत्रूच्या पाणबुड्या बुडवीत होत्या, त्याच सुमारास जहाजवाल्यानें बंद पडलेली विमानकंपनी कां घ्यावी? वालचंदांचें उत्तर त्यांच्या साऱ्या वर्तनांत आहे. वाहतूक करणारास रस्ता पाण्याचा कीं हवेचा हा भेद करून चालत नाहीं. जो उतारू आज आगबोटीनें जातो तो उद्यां विमानानें जाणार. त्या दिवशीं तिकीट आपल्याच खिडकीवर मिळावें. बंगळूरचा कारखाना वर्षभरापूर्वींच हातून गेला होता. विमानें बांधतां येत नाहींत तर निदान चालवूं, असाही विचार त्यामागें असावा असें मला वाटतें.

युद्ध संपल्यावर १९४६ सालीं ह्या पोटकंपनीचीं विमानें पुन्हां उडूं लागलीं. अमेरिकन सैन्यानें मागें टाकलेलीं डकोटा विमानें त्या वेळीं स्वस्तांत मिळत. आणि गंमत अशी कीं, पुष्कळ कंपन्यांच्या अशा डकोटांचें लष्करी रूप पालटून त्यांस उतारूंच्या योग्य करण्याचें काम बंगळूरच्या त्याच कारखान्यांत झालें. पण स्वस्त विमानांनीं दुसरें संकट आणलें. जो तो कंपनी काढूं लागला आणि परवानेही सढळ हातानें दिले गेले. उतारू थोडे, विमानें फार. १९५० सालीं न्यायमूर्ति राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें चौकशी समिति नेमली. कंपन्या एकत्र करून त्यांची संख्या कमी करावी असें तिचें मत पडलें. ज्या पोटकंपनीच्या पाठीशीं सिंदियासारखें घर होतें ती तग धरून राहिली. पण नफा पाहण्याचे दिवस तिला आलेच नाहींत.

वालचंदांचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. एक काम पुरें होण्याआधीं दुसरें आरंभावयाचें, भांडवल अपुरें असतां इमारत मोठी काढावयाची, ही त्यांची खोड होती. त्यामुळें सहकाऱ्यांस रात्री जागून काढाव्या लागल्या असतील. त्यांची राहणी थाटाची होती. परंतु ते ज्या क्षेत्रांत शिरले तेथें त्या वेळीं शिरण्यास दुसरे फारसे कोणी तयार नव्हते, हेंही तितकेंच खरें.

१९४९ सालीं त्यांस अर्धांगाचा झटका आला आणि पुढच्या वर्षीं त्यांनीं व्यवसायांतून अंग काढून घेतलें. धाकट्या बंधूंनीं कारभार संभाळला. शेवटचे दिवस त्यांनीं गुजरातेंत सिद्धपूर येथें काढले. पत्नी कस्तुरबाई शुश्रूषेस होत्या. दिल्लीस त्या वेळीं विमानकंपन्या सरकारी करण्याच्या कायद्याची तयारी चालली होती. ८ एप्रिल १९५३ रोजीं वालचंदांचें देहावसान झालें. कायदा संमत झाला तो मे महिन्यांत.

१ ऑगस्ट १९५३ रोजीं आठ कंपन्यांचा कारभार सरकारी महामंडळांकडे गेला. देशांतर्गत वाहतुकीसाठीं इंडियन एअरलाइन्स हें महामंडळ झालें व एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया त्यांत विलीन झाली. काठेवाडचीं विमानें जुहू सोडून सांताक्रूझहून जात होतींच. तीं तशींच जात राहिलीं, पंखांवरचें नांव तेवढें बदललें. सिंदियाकडे पुन्हां जहाजेंच काय तीं उरलीं.